हसतमुख असण्याची अट

आमच्या नात्यात एक गोष्ट बरीच वर्षं फिरते आहे. जयपूरला राहणाऱ्या विमा अधिकाऱ्याची मुलगी अमेरिकन पुस्तकं वाचून बिघडली, पुण्याचं चांगलं स्थळ तिने घालवलं आणि बाप बिचारा गप्प बसला. तो बाप मी. ही गोष्ट खोटी आहे. मला हे ठामपणे सांगता येतं, कारण ती मीच पसरवली.

ही दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. त्याच्या बरंच आधी मी जयपूरला बदलीवर आलो आणि निवृत्त होऊन इथल्या जवाहर नगरातच राहिलो. मुलगी इथेच वाढली. तिचं मराठी घरातलं, पण वाक्यावाक्याला ‘मतलब’. इंग्रजीत एम.ए. करून ती पीएच.डी. करत होती. विषय काय, असं कोणी विचारलं की मी ‘इंग्रजी वाङ्मय’ म्हणून पुढे सरकायचो. ती मात्र आईला भाजी निवडताना सगळं सांगायची. एकदा म्हणाली, “अमेरिकेतल्या कादंबऱ्यांत गोऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या काळ्या बायका हसत असतात. मतलब, हसावंच लागतं. मालकीण रडली तर सगळं घर थांबतं. हिला नुसता राग आला तरी ही उद्धट. मी तेच लिहितेय, आई. रागवायची परवानगी कोणाला असते?”

“इथे तुझ्या बाबांना,” बायको म्हणाली. दोघी हसल्या. मी पेपर वाचत होतो.

मुलगी सावळी. माझ्यावर गेली आहे. स्थळांना कळवताना मी ‘सावळी, पण हसतमुख’ असं लिहायचो. आमच्याकडे सगळेच लिहितात. रंग कमी पडला की हसू पुढे करायचं. पुण्याच्या मुलाकडच्यांनी फोटो मागितला तेव्हा मी मालवीय नगरातल्या स्टुडिओत तिचा फोटो काढून घेतला आणि नंतर एकटाच जाऊन म्हणालो, “भैया, थोडा साफ कर देना.”

फोटोग्राफरने विचारलं, “बाबूजी, कितना साफ? पहचान में तो आनी चाहिए.”

घरी तो फोटो पाहून मुलगी म्हणाली, “बाबा, ही कोण? हिला माझे कपडे कोणी दिले?” आणि हसली. ती हसली म्हणजे तिची हरकत नाही, असं मी धरून चाललो. फोटो पुण्याला गेला.

जानेवारीत ती मंडळी जयपूर बघायला आणि मुलगी बघायला, अशी दोन्ही कामं घेऊन आली. ते येण्याआधी मी तिला म्हणालो, “विषय विचारला तर इंग्रजी वाङ्मय एवढंच सांग. आणि हसत राहा. तू हसलीस की बाकीचं कोणी बघत नाही.”

“बाकीचं मतलब?” तिने विचारलं. मी कचोऱ्या आणायला बाहेर पडलो.

मुलाच्या आईने कचोरीचा तुकडा मोडता मोडता माझ्या मुलीकडे दोनदा पाहिलं. मग मला विचारलं, “फोटो जुना आहे का हो?”

“नाही, म्हणजे इथलं ऊन फार कडक,” मी म्हणालो. “रापते जरा.”

“काकू, जानेवारी आहे,” मुलगी म्हणाली. “फोटो बाबांनी गोरा करून घेतलाय. माझा रंग हाच.”

“विनोदी आहे मुलगी,” मुलाचे वडील म्हणाले.

“असं निदान हसून तरी सांगावं, बाई,” त्याची आई म्हणाली.

“हसून सांगितलं असतं तर तुम्हाला खरं वाटलं नसतं.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती मंडळी चहा संपवून आमेरचा किल्ला बघायला गेली. त्या संध्याकाळी स्थळाचं काय झालं ते विचारायला माझ्या बहिणीचा फोन आला. मी तिला सांगितलं, “काय करणार, त्या पुस्तकांनी डोकं फिरवलंय पोरीचं.” फोटोबद्दल एक अक्षर बोललो नाही. बहिणीकडून ते सगळीकडे गेलं आणि त्यानंतर मुलीला कुठल्याही लग्नात कोणी ना कोणी ऐकवायचंच, “काय गं, अजून चिडलेलीच आहेस का?”

पुढे तिची डॉक्टरेट झाली. इथल्या मराठी मंडळाने सत्कार ठेवला. ‘वडिलांच्या भक्कम पाठिंब्यामुळे’ असं म्हणून अध्यक्षांनी शाल माझ्याच खांद्यावर घातली. मी ती घेतली. मुलगी पहिल्या रांगेत बसली होती आणि टाळ्या वाजवत नव्हती. बायको मला घरी येताना म्हणाली, “अहो, निदान शाल तरी तिला द्यायची होती.”

आता ती परगावी शिकवते, एकटी राहते, मजेत आहे. हे सगळं लिहिणार असं मी फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “लिहा. पण माफी वगैरे नको. त्यात माझा विषय नीट लिहा. तुम्ही आजवर कोणालाच सांगितला नाहीत.”

तर सांगतो. अमेरिकन लेखनात काळ्या बायकांच्या रागाचं काय होतं, तो कोण दाबतं आणि त्या तो कुठे मांडतात, यावर माझ्या मुलीने संशोधन केलं आहे. ते करताना तिचं डोकं फिरलं नव्हतं. स्थळ मोडलं ते माझ्या खोटेपणामुळे. नात्यातल्या ज्या कोणाला हे वाचून राग येईल, त्यांनी मला फोन करावा. तिला करू नये. आणि ती घरी आली की चेहरा असा का, असं तिला माझ्यासमोर कोणी विचारायचं नाही.