डब्यावरचे आकडे आणि इंदू

इंदू गेल्याचं मला तिच्या भावानं फोनवर सांगितलं. दुपारची वेळ होती, मी सांभाळते त्या कॉलेजच्या वाचनालयात मुलं पेपर चाळत बसली होती. "अक्का, इंदू गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मी विचारलं, "कुठं?" विचारल्यावर माझं मलाच कळलं. मग मी त्याला विचारलं की तू तिथंच होतास का, तुला नक्की कुणी सांगितलं... भरल्या वाचनालयात उभी राहून मी त्या बिचाऱ्याची उलटतपासणी घेत होते. ही सवय मला इंदूनंच लावलेली. आदल्या आठवड्यात गुलबर्ग्याच्या दवाखान्यातून तिचा फोन आला होता. "बरी हाय मी. डॉक्टर काय तर लपवायलेत, पण मी रिपोर्ट मागून घेतलेत. नुसत्या तोंडच्या बोलण्यावर मी न्हाई भरवसा ठेवत." साधा ताप म्हणून सुरू झालेलं दुखणं रक्तापर्यंत पोचलं होतं. रिपोर्टात तिनं ते वाचलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं.

इंदुमती मेत्रे मूळची मंठाळची. आजोबांची मेंढरं होती, वडिलांनी ती विकून शेती धरली, आणि इंदू त्या घरातली पहिली मुलगी जी शिकायला गुलबर्ग्याला गेली आणि तिथून हैदराबादला, एका कॉम्प्युटर कंपनीत. तेव्हा आमच्या भागातली शिकलेली पोरं हुमनाबादच्या स्टँडवरून एक तर पुण्याची गाडी धरायची, नाही तर हैदराबादची, आणि सणावाराला परत यायची. इंदू मात्र कायमची परत आली. ती नोकरी सोडून हुमनाबादच्या आमच्या छोट्या कॉलेजात लॅब सांभाळायला का आली, यावर स्टाफरूममध्ये बरेच दिवस तर्क चालले. कुणी म्हणे काढून टाकलं, कुणी म्हणे तिथं काही भानगड झाली. मी एकदा सरळच विचारलं. ती म्हणाली, "कामून विचारायलीस अक्का? तुला बी बाकीच्यांसारखं वाटतंय का?" त्यानंतर मी विचारलं नाही. खरं कारण मला आजही माहीत नाही.

ती आली तेव्हा कॉलेजात इंटरनेट नवीनच आलं होतं. एकाच लायनीवर मुलांची लॅबही आणि ऑफिसही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अंतर्गत परीक्षेचे गुण असायचे. दोघांच्या मधे भिंत पाहिजे, असं इंदूनं प्राचार्यांना सांगितलं आणि हैदराबादला जाऊन जुन्या कंपनीनं अडगळीत टाकलेला एक फायरवॉलचा डबा मागून आणला. काळा, चपटा, पुढच्या बाजूला केबल खुपसायची भोकं, म्हणजे पोर्ट, आणि प्रत्येकावर छापलेला आकडा. डब्यातलं मूळचं सॉफ्टवेअर मुदत संपून बंद पडलेलं होतं. तिनं ते पुसून फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम घातली. बाहेरची लायन एका पोर्टात, ऑफिसची दुसऱ्यात, लॅबची तिसऱ्यात. नियम साधा: ऑफिसनं लॅबमध्ये डोकावलं तर चालेल, लॅबनं ऑफिसमध्ये डोकवायचं नाही. वाचनालयाला लागून असलेल्या एका लहान खोलीत तिनं तो ठेवला. खोलीच्या किल्ल्या दोन, एक तिच्याकडं आणि एक लॅबचे अटेंडर रशीदभाई यांच्याकडं. रशीदभाई आमच्या कॉलेजइतकेच जुने. लाइट गेली की बॅटरी संपायच्या आत डबा बंद करायचा आणि आली की चालू करायचा, हे काम त्यांचं. आमच्याकडं लाइट रोजच जायची.

मग त्या वर्षी नोटीस लागायच्या आधीच मुलांना आपापले गुण कळले. पहिल्यांदा वाटलं, कुठल्या तरी सरांनी सांगितले असतील. पण मुलांनी लॅबमधल्या कॉम्प्युटरवर ऑफिसचं फोल्डरच उघडलेलं बघितलं होतं. प्राचार्यांनी ऑफिसमधल्या बाईंना उभं केलं, मग इंदूला. इंदूची भाची दुसऱ्या वर्षाला होती, हे कुणी तरी त्यांच्या कानावर घातलंच होतं. इंदूनं खोली उघडून तपासलं, सगळं जागेवर होतं, भिंत शाबूत होती. दोनच दिवसांनी पुन्हा तेच. तपासायला जावं तर सगळं ठीक, पाठ फिरली की लॅबमधून ऑफिस दिसतंय. कुणी तरी खोलीत जाऊन दोन केबलींची अदलाबदल करतंय आणि काम झालं की परत लावतंय, याशिवाय दुसरा अर्थ निघत नव्हता. आणि किल्ल्या दोनच होत्या.

त्या दिवसांत कॉलेजचं वातावरण फार वाईट झालं. मी वाचनालयातून उठले तरी कुणी तरी बघायचं की ही त्या खोलीकडं चालली का. इंदू माझ्याकडं चहाला यायची, पण बोलता बोलता तिचं लक्ष खिडकीतून रशीदभाईंवर असायचं. ते कधी आत गेले, किती वेळानं आले, हातात काय होतं. मी म्हटलं, "अगं, ते कशाला असलं करतील?" ती म्हणाली, "कशाला ते मला न्हाई माहीत. पण माझ्याशिवाय आत जाणारा दुसरा कोण हाय?" आणि एक दिवस प्राचार्यांच्या केबिनमध्ये, चारचौघांसमोर, तिनं हेच बोलून दाखवलं. नाव घेतलं नाही, घ्यायची गरजच नव्हती. रशीदभाईंनी खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रजा टाकली.

दोन्ही किल्ल्या आता तिच्याकडंच, तरीही इंदूला चैन नव्हतं. तिनं शिवणाचा काळा दोरा आणला आणि प्रत्येक केबल पोर्टात जिथं बसते तिथं असा गुंडाळून चिकटवला, की केबल जरा जरी ओढली तरी दोरा तुटावा. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली आणि आली. डबा तिनं स्वतःच्या हातानं चालू केला. थोड्या वेळानं भाची धावत आली, "आत्या, परत दिसायलंय!" आम्ही दोघी खोलीत गेलो. दोरे जसेच्या तसे होते. इंदू खाली वाकून ते बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अक्का... हात कुणाचाच न्हाई लागला याला."

त्यानंतर तिनं डबा उघडला. नंतर तिनं मला समजावून सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. पुढचे आकडे डबा बनवणाऱ्यांनी छापलेले, त्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरपुरते. इंदूनं घातलेल्या सिस्टिमला त्या आकड्यांचा पत्ताच नव्हता. चालू होताना जे पोर्ट आधी सापडेल त्याला ती आधीचा नंबर द्यायची, नंतर सापडेल त्याला नंतरचा. बाहेरच्या लायनीचं पोर्ट मूळ बोर्डावर होतं, ते नेहमीच पहिलं सापडे. पण ऑफिसचं आणि लॅबचं पोर्ट दोन वेगळ्या कार्डांवर, म्हणजे बोर्डात खोचलेल्या सुट्या भागांवर होतं. कधी हे कार्ड आधी जागं व्हायचं, कधी ते. लॅबचं आधी जागं झालं की सिस्टिम लॅबलाच ऑफिस समजायची. इंटरनेट दोन्हीकडं चालू राहायचं, म्हणून कुणाला शंका यायची नाही. आणि पुढच्या वेळी लाइट जाऊन आली की बहुधा सगळं आपोआप सुरळीत झालेलं असायचं.

उपाय अवघड नव्हता. प्रत्येक पोर्टाला कारखान्यातूनच एक कायमचा क्रमांक येतो, तो जागं होण्याच्या घाईगडबडीत बदलत नाही. इंदूनं सिस्टिमला सांगून ठेवलं की या क्रमांकाचं ते ऑफिस, त्या क्रमांकाचं ती लॅब, कोण आधी सापडलं ते बघायचं नाही. छापलेल्या आकड्यांवर पट्ट्या चिकटवून तिनं वर मराठीत लिहिलं: बाहेर, ऑफिस, लॅब. पण त्याआधी, दुरुस्ती करायच्या अगोदर, तिनं प्राचार्यांना खोलीत बोलावलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत डबा बंद-चालू करून दाखवला. पहिल्यांदा सगळं बरोबर आलं. दुसऱ्यांदाही. प्राचार्य घड्याळ बघायला लागले, त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं की बाई आता मशीनवर ढकलायलीय. तिसऱ्यांदा उलटं आलं.

"म्हणजे चूक तुमची," ते म्हणाले. "हा डबा तुम्ही आणलात."

"व्हय सर, माझीच. रशीदभाईची न्हाई. हे तुम्ही सगळ्या स्टाफसमोर सांगा, न्हाईतर मी सांगते."

प्राचार्यांनी सांगितलं नाही. इंदूनं सांगितलं. तिची पगारवाढ त्या वर्षी अडली, आणि ही भाचीला वाचवायला रचलेली गोष्ट आहे, असं म्हणणारे शेवटपर्यंत म्हणत राहिले.

त्या रविवारी ती मला घेऊन रशीदभाईंच्या घरी गेली. त्यांनी खुर्च्या टाकल्या, चहा आला. इंदूनं सगळं सांगितलं, माफी मागितली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, दोरा लावून डब्याला तपासलंत. परत परत चालू-बंद करून बघितलंत. मला एकदा तर इचारायचं... रशीदभाई, तुम्ही केलाव का म्हणून. मी न्हाई म्हटलो असतो. तुम्ही खरं मानलं नसतंत, ते येगळं." इंदूच्या हातात कपबशी होती. चहावर साय धरली तरी तिनं घोट घेतला नव्हता. रशीदभाई पुढच्या आठवड्यात कामावर आले. लॅबचं सगळं काम करायला लागले, इंदूशी बोलायलाही लागले, ईदला शीरखुर्मा आणायचे. फक्त त्या खोलीची किल्ली त्यांनी परत घेतली नाही आणि तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. काही सांगायचं असलं तर दारातून सांगायचे.

मंठाळला इंदूच्या घरच्यांना भेटून, तिची किल्ली घेऊन आल्यावर मी ती खोली उघडली. डबा चालू होता. बाजूला इंदूची खुर्ची, आणि भिंतीशी दुसरी, वेताची, कोरी वाटावी अशी. ती तिनं रशीदभाईंच्या घरून आल्यावर स्वतः आणून ठेवली होती. वर्षानुवर्षं तिच्यावर कुणी बसलं नाही. मी धूळ पुसत होते तेव्हा मागं चाहूल लागली. रशीदभाई दारात उभे होते, टोपी हातात. आता ते निवृत्त झालेत, केवळ इंदूचं कळलं म्हणून आले होते. "आजारी होत्या तर मला कुणी कळवलं न्हाई," ते म्हणाले. मलाही तिनं खरं दुखणं कळू दिलं नव्हतं. मी वेताची खुर्ची पुढं ओढली. "बसा की रशीदभाई."

त्यांनी मागं वळून व्हरांड्यात बघितलं. दोन-तीन मुलं जात होती, एक शिपाई उभा होता.

"बसतो ताई," ते म्हणाले आणि उंबरा ओलांडून आत आले. "पण दार उघडं ठेवा, बघणाऱ्याला दिसू दे."