काशी सोडून रिद्धपूर

यंदा कापसानं आमच्या गावाचं डोकं फिरवून टाकलं. सातासमुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, आणि आमच्या काळ्या रानातल्या बोंडाला असा भाव आला की शेजारच्या पाटलानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. त्याची बायको पैठणी नेसून वेचणीला जाते. एरवी कुठं नेसावी ते तिला सुचत नाही, मग रानातच नेसते. तिच्या पदराला कापूस चिकटलेला असतो आणि आम्ही बायका बांधावरून बघून हसतो. पण ते जाऊ द्या. मला यात्रेचं सांगायचं आहे. माहेरच्या भाच्या आणि आळीतल्या सुना रोज विचारतात, रिद्धपूरला कसं जायचं, काय न्यायचं, म्हणून हे लिहून ठेवते. अक्षर गिचमीड आहे, सांभाळून घ्या.

झालं असं की माघ लागला तेव्हा आमचा थोरला गणपत एका सकाळी अंगणात येऊन म्हणाला, "माय, यंदा तुले अन् बाबाले काशीले धाडतो. काशी म्हण, रामेश्वर म्हण. पैशाकडं पाहू नको."

मी म्हटलं, "मले रिद्धपूरले जायचं."

सूनबाई ताक घुसळत होती, तिचा हातच थांबला. गणपत म्हणाला, "रिद्धपूर तं तीस कोसावर हाय. तठी जायाले एवढा कापूस काहून पिकवा लागते?"

आता त्याला काय सांगावं? माझं माहेर महानुभावांचं. काळे कपडे घालणारे साधू, मूर्तिपूजा नाही, एकच परमेश्वर मानायचा, ते लोक. सासर मात्र माहूरच्या देवीचं. इकडचे लोक आम्हाला मानभाव म्हणून नाक मुरडतात. माझी सासू देवमाणूस होती, पण रिद्धपूरचं नाव काढलं की घागर आपटायची. चाळीस वर्षं तीस कोस मला ओलांडता आले नाहीत. सासूबाई मागच्या साली गेल्या, आणि मी मनाशी ठरवलं की डोळे मिटायच्या आधी रिद्धपूरला जाऊन उपदेश घ्यायचा. उपदेश घेतला की त्या एका परमेश्वराचं व्हायचं, दुसऱ्या देवाला हात जोडायचा नाही, दुसऱ्या देवाचा प्रसाद खायचा नाही. हे मी अजून घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

निघालो दोघंच. गडीमाणूस एकही मोकळा नव्हता, सगळे वेचणीला, आणि बंड्या, म्हणजे मालाच्या मोठ्या गाड्या, सगळ्या कापसाला जुंपलेल्या. शेवटी जुनी दमणी, ती दोन माणसांची हलकी गाडी असते ना, ती काढली आणि ह्यांनी स्वतःच कासरा धरला. ज्यांना जायचं त्यांनी हे लक्षात ठेवा: दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या न्या, चार दिवस नरम राहतात. जवसाची चटणी न्या. पाणी गाळायला पातळ फडकं न्या. चाकाला घालायला एरंडीचं तेल नक्की न्या, कारण वाटेत मागाल तर लोक हसतात, सगळं तेल कापसाच्या गाड्यांनी पिऊन टाकलं आहे. आणि कडबा घरचाच भरा. सगळ्यांनी ज्वारी सोडून कापूस पेरला, त्यामुळं अमरावतीत पेंढीला दुप्पट दाम मागतात.

मूर्तिजापुराच्या अलीकडून सडकेला लागलो आणि पुढं दिवसभर कापूसच कापूस. गाड्यांची रांग अशी की पहिली गाडी दिसत नाही आणि शेवटची संपत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळी गाड्यांना घासून घासून पांढऱ्या झालेल्या. चाकोऱ्या गुडघाभर. मी आत बसून भोपळ्यासारखी इकडून तिकडं आपटत होते. बडनेऱ्याच्या अंगाला आगगाडीसाठी मातीचा बांध घालून राहिले आहेत, शेकडो माणसं टोपल्या वाहतात. हे म्हणाले, "पाह्य, पुढल्या साली काशीले गाडीतून बसून जाता आलं असतं."

"माह्यं रिद्धपूर गाडीच्या वाटेवर नाई," मी म्हटलं.

दुपारी एका विहिरीवर बैल सोडले, दशम्या काढल्या, आणि मी सांगून टाकलं. म्हटलं, "अवो, मी तठी नुसतं दर्शनाले नाई चालली. मले उपदेश घ्यायचा हाय."

ह्यांनी घास तसाच ठेवला. "म्हंजे देवीच्या पूजेले बसशीन नाई?"

"नाई."

"कुळधर्माले माह्या हाताले हात कोन लावन?"

तुम्हाला ठाऊक आहे, पूजेत नवऱ्याच्या कोपराला बायकोनं बोटं लावायची, तेव्हा ती दोघांची पूजा होते. हे उठले, बैलांना पाणी दाखवलं आणि पाठमोरेच म्हणाले, "तू जितीजागती घरात, अन् मी देवीपुढं रंडक्यावानी एकटा बसू? मले नाई जमत, गणपतच्या माय. दर्शन घे, पाह्यजे तितके दिवस राह्य, पण ते नको."

ते रागावले असते तर मी भांडले असते. पण त्यांचा आवाज उतरला होता. रात्रीच्या मुक्कामापर्यंत आम्ही बैलांशीच बोललो.

दुसऱ्या दिवशी अमरावती. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, आम्ही गेलो आणि पस्तावलो. कापसाच्या गाड्या परकोटाबाहेर ताटकळत उभ्या, दलाल धोतराचा सोगा धरून पळतात, हवेत इतका कापूस की माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या. एक दलाल ह्यांना म्हणाला, "काय पाटील, माल कोठी हाय?" ह्यांनी दमणीतल्या माझ्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "हा एकच नग हाय, अन् तो बी परत न्यायचा हाय." कालच्यानंतर पहिल्यांदा बोलले, आणि ते असं. मला हसू आवरेना.

धर्मशाळेत जागा फुकट मिळाली, चुलीला सरपण मात्र विकत घ्यावं लागलं. संध्याकाळी हे म्हणाले, अंबादेवीला जाऊ. मी गेले. अजून उपदेश घेतला नव्हता, आणि त्यांचं मन मोडायचं नव्हतं. ओटी भरली. पुजाऱ्यानं ह्यांच्या हातावर पाणी सोडलं आणि मी नेहमीसारखी त्यांच्या कोपराला बोटं लावली. चाळीस वर्षांत किती वेळा लावली असतील, कधी लक्ष दिलं नव्हतं. कोपर केवढं हाडकुळं झालंय ह्यांचं. हेही त्या वेळी माझ्याकडं बघत होते, देवीकडं नाही.

पुढची वाट शिराळ्याकडून. इथं कापसाच्या गाड्या उलट्या येतात, तोंडासमोर, त्यामुळं सारखं बाजूला व्हावं लागतं, पण रान सुंदर आहे. हरभरा घाट्यांवर आलेला. एका शेतकरणीनं ओंजळभर सोलाणा दिला आणि पैसे घेईना. चौथ्या दिवशी सकाळी रिद्धपूर दिसलं. सांगते, दिसायला काही नाही. मातीची घरं, चिंचा, निंब, जुन्या पांढरीचे, म्हणजे मोडलेल्या वस्तीचे, उंचवटे. काशीसारखा घाट नाही की शिखरांची गर्दी नाही. ठिकठिकाणी साधे ओटे आहेत, आणि प्रत्येक ओटा म्हणजे श्रीप्रभूंचं, इथं राहून गेलेल्या आमच्या परमेश्वर-अवताराचं, एखादं स्थान. इथं बसले, इथं निजले, इथं कोणाच्या घरात हक्कानं शिरून जेवले. त्या ओट्यावर डोकं टेकायचं, विडा ठेवायचा, बस्स. मी पहिल्या ओट्यावर डोकं टेकलं आणि मला उठावंसंच वाटेना. दगड गार होता. माझ्या आईनं लहानपणी याच ओट्याचं सांगितलं होतं.

मठात एक म्हातारे महंत होते. दंडवत घातला आणि माझं मागणं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, घरच्याले इचारलं का?"

"इचारलं. नाई म्हणते."

"मंग आमी कसं देऊ? तुमचा संसार मोडून परमेश्वराले काय मिळन? राह्या, स्थानं करा. घरच्याले वाटलं तं पाहू."

हे तर मठात पाऊलही टाकायला तयार नाहीत. मठाच्या भिंतीबाहेर निंबाखाली दमणी सोडली आणि तिथंच बैलांजवळ बसून राहिले. मठातल्या एका तपस्विनी आईनं त्यांना भाकरी-भाजी नेऊन दिली, ती मात्र खाल्ली. आई म्हणाल्या, "पाटील, आत या, सावली हाय." हे म्हणाले, "सावली अथी बी हाय."

दोन दिवस मी स्थानं केली. पाय सुजले, तरी मन असं हलकं की काय सांगू. उपदेश मिळणार नाही हे मी धरूनच चालले होते. निदान डोळ्यांनी पाहिलं, एवढं तरी झालं.

दुसऱ्या दुपारी त्या तपस्विनी आईंना पोथी वाचायची होती, पण त्यांच्या डोळ्यांत पडदा आलेला. त्यांनी सहज विचारलं, "तुमच्यात कोनाले अक्षर येते का?" पाच-सहा यात्रेकरू बायका बसल्या होत्या, सगळ्या खाली बघायला लागल्या. मी म्हटलं, "येत होतं."

नऊ वर्षांची असताना माहेरी अशाच एका आईनं मला धुळीत बोट धरून अक्षरं शिकवली होती. सासरी आले, पहिल्याच महिन्यात वाण्याच्या पुडीवरचं मोठ्यानं वाचलं आणि सासूबाई म्हणाल्या, "हे मानभावी थेर माह्या घरात नाई." तेव्हापासून मी अक्षराकडं बघायचंच सोडलं. ह्यांनाही कधी सांगितलं नाही. पोथी मांडीवर घेतली आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. एकेक अक्षर लावत, अडखळत वाचायला लागले. जोडाक्षर आलं की बैल चिखलात अडकावा तशी अडकायची, आई हळूच पुढचा शब्द द्यायच्या. मग हळूहळू चाक फिरलं. आवाज चढला. किती वेळ वाचलं कोण जाणे. मान वर केली तर दारात हे उभे. डोक्याला मुंडासं नाही, हातात कडब्याची पेंढी तशीच.

"भिताडामागं आवाज आयकू आला," ते म्हणाले. "वाटलं, आवाज तं आपल्याच घरचा हाय."

ते उंबऱ्यातच खाली बसले. "चाळीस वर्षं मी हातात चिठ्ठी घेऊन वाण्याकडं जातो, बाप्पा, हे वाचून दे म्हणतो. अन् वाचनारी घरात भाकरी थापून राहिली. काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी काय केलं असतं?"

हातातली पेंढी त्यांनी उंबऱ्याशी टेकवली. खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा गुण. म्हणाले, "मायले भेलो असतो."

मग महंतांकडं वळून, हात न जोडता, पण मान खाली घालून म्हणाले, "बुवा, हिले काय द्यायचं ते देऊन टाका. देवीचं मी पाह्यून घेतो."

दुसऱ्या सकाळी मला उपदेश मिळाला. तो कानात सांगतात, तेव्हा त्यातलं इथं काही लिहीत नाही. एवढंच सांगते की मठातून बाहेर आले तेव्हा हे बैलांना जुंपून तयार होते आणि मला वर चढायला त्यांनी हात दिला. येताना अमरावतीत अंबादेवीला ते एकटेच जाऊन आले. मी धर्मशाळेत कांदा चिरत बसले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "गर्दी लय होती."

घरी आलो. गणपतनं विचारलं, काय आणलं? मी म्हटलं, काही नाही. खरंच काही आणलं नाही. पण सकाळी उठते तेव्हा अंगात लहान मुलीसारखं काहीतरी असतं. आता चिठ्ठ्या वाण्याकडं जात नाहीत, मीच वाचते, आणि हे शेजारी बसून मुद्दाम म्हणतात, "पाह्यजो बरं, नीट वाच, मानभावीन हायेस, काईबाई सांगशीन." हा त्यांचा लाड आहे.

चैत्रात देवीचा कुळधर्म आला. मला काळजी होतीच. मी ओसरीवर बसले होते, तिथून देवघर दिसतं. हे पाटावर बसले, आणि उजवीकडं दुसरा पाट मांडून त्यावर एक सुपारी ठेवली. गणपत म्हणाला, "बाबा, हे काय?"

"तुही माय हाय ते. आज लय चूप हाय."

सगळे हसले. पूजा झाल्यावर अडकित्त्यानं ती सुपारी फोडून तोंडात टाकली आणि म्हणाले, "चाळीस वर्षं तिनं माह्यं डोकं खाल्लं, आज मी तिले खातो."

एक सांगायचं राहिलं. नैवेद्य दाखवायच्या आधी हे स्वयंपाकघरात गेले होते. त्या उंबऱ्याच्या आत त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, सूनबाई तर भिंतीला चिकटली. तिला म्हणाले, "एक पोळी इकडं काढ. पहिलीच." ती म्हणाली, "मामाजी, अजून निवद दाखवला नाई." "म्हणूनच काढ," हे म्हणाले. मग पोळीवर तूप घालून ताटली ओसरीवर माझ्यापुढं आणून ठेवली. "देवीनं अजून पाह्यली नाई. हे परसाद नाई, नुसती पोळी हाय. खाय."

घरातल्या मोठ्या बाईनं कुळधर्माला सगळ्यांत शेवटी जेवायचं असतं. पुरण तोवर गार होतं, पोळीचं कातडं होतं. ह्या वर्षी सगळ्यांच्या आधी मी जेवले, आणि तोंड भाजलं.