मामाचा अंगठा

आमच्या मामाइतका संशयी माणूस बोरीवलीच्या जंगलात दुसरा नव्हता, आणि जंगलाबाहेरच्या बोरीवलीतही नसावा. बिबट्या पाण्यावर येताना चार वेळा मागे वळून बघतो म्हणतात. मामा नळावर जातानासुद्धा सहा वेळा बघायचा. माझे आईबाप लवकर गेले आणि मामानेच मला वाढवलं, तेव्हा त्याच्याविषयी वावगं बोलायला जीभ रेटत नाही. पण खरं ते खरं. दुकानदाराने परत दिलेली नाणी तो दगडावर वाजवून घ्यायचा. डॉक्टरने दिलेली गोळी आधी अर्धी कोंबड्याला घालायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोंबडा आरवला तरच उरलेली अर्धी स्वतः गिळायचा. त्यामुळे मामाचा ताप नेहमी एक दिवस उशिरा उतरे, पण कोंबडा मात्र बारा महिने ठणठणीत. मलेरियावाले दारावर खडूने आकडे लिहून गेले की त्यांची पाठ वळायच्या आत मामा त्यावर शेणाचा हात फिरवायचा. "आपल्या घरावर कोणी कायपण लिवायचं नाय. आज आकडा लिवतील, उद्या नाव लिवतील." एकदा जनगणनेवाला आला. त्याने विचारलं, घरात माणसं किती? मामा म्हणाला, "कोणाला सांगणार तू?" "सरकारला." "मग सरकारला येऊ दे, त्याला सांगतो." तो बिचारा आमच्या पाड्यावर तीन खेपा घालून शेवटी शेजारणीला विचारून गेला.

या साऱ्या संशयाचं मूळ मामाच्या डाव्या अंगठ्यात होतं. पाड्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याला लागून आजोबांची भातशेती होती. मामा तरणाताठा असताना तिथे एक सफारी सूट घातलेला माणूस आला. काय गोड बोलणं त्याचं! मामाला "दादा" म्हणाला, शेजारी जमिनीवर मांडी घालून बसला, चहा पाजला, बिस्किटं दिली. "दादा, तुमची जमीन तुमच्या नावावर पक्की करून देतो," म्हणाला आणि दोन कोऱ्या कागदांवर अंगठे घेऊन गेला. आठ दिवसांनी त्यातलाच एक कागद टाइप करून आणून दिला आणि वर बजावलं, "दादा, जपून ठेवा हां." पुढच्या भाताच्या वेळेला शेताभोवती कंपाउंड उभं होतं. मग तिथे चार मजली सोसायटी झाली, तिच्यात टीव्ही आले, ते रंगीतही झाले. एकदा मामा तिच्या गेटपाशी नुसता उभा राहिला, तर वॉचमनने त्याला हटकलं, "ऐ, किधर जाता है?" मामा मागे फिरला. घरी येऊन कुऱ्हाडीला धार लावत बसला, आणि नुसती धारच लावली.

तेव्हापासून पाड्यावर कोणी पिशवीवाला किंवा खिशाला पेन लावलेला माणूस दिसला की मामा लगबगीने डाव्या अंगठ्याला फडकं गुंडाळायचा. काय झालं? "विंचू चावला." पाड्यावर म्हणायचे, मामाच्या अंगठ्याचा विंचू भलता हुशार, कागद बघूनच चावतो. निवडणुकीला मामा जायचा, बोटाला शाई लावून घ्यायचा, पण अंगठा मुठीत. "बोट काय, कोणाकडेही दाखवायचंच असतं. अंगठा घरचा असतो."

अशा माणसाची भाची मी, आणि मी कॉलेजात नाव घातलं. आमच्या पाड्यावरून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथल्या एका बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, अगं, आदिवासी मुलांसाठी बऱ्याच सोयी आहेत, मागितल्याशिवाय कोणी देणार नाही. मी आनंदाने उड्या मारत घरी आले आणि मामासमोर एकेक सोय मांडायला लागले. मामा भाकरी मोडत ऐकत होता.

"पुस्तकपेढी आहे मामा. वर्षभर पुस्तकं फुकट."

"आणि मग?"

"मग परत करायची."

"बघ!" मामाने भाकरी खाली ठेवली. "सांगितलं होतं ना? देतात आणि परत घेतात."

"वसतिगृह आहे. राहणं-जेवण फुकट."

"संध्याकाळी दार लावतात काय?"

"लावतात."

"बाहेरून का आतून?"

कपाळ माझं! पण खरी पंचाईत शिष्यवृत्तीची होती. ती मिळाली तरच फी भागणार होती. अर्जावर पालकाची सही नाहीतर अंगठा हवा होता, आणि शेवटची तारीख चार दिवसांवर आली होती. अर्ज गेला नाही तर नाव कमी होणार, आणि मग काय करायचं तेही ठरलेलं होतं. खालच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना भांड्यांना मुलगी हवी होती. आजोबांच्या शेतावर उभ्या राहिलेल्या त्या सोसायटीत मी दुसऱ्यांची भांडी घासणार होते.

मी रडले, भांडले, एक दिवस जेवले नाही. मामाचं एकच. "सरकार पैसे देणार, आणि बदल्यात कायच मागत नाय? मग तर नक्कीच काहीतरी मोठं मागणार." चिडून मी म्हटलं, "जाऊ दे, मीच तुझा म्हणून माझा अंगठा उठवते!" तर मला वरून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "आली बघ, सफारीवाल्याची विद्या आली." शेवटच्या दिवशी सकाळी मात्र तो आपणहून उठला, फडकं गुंडाळलं आणि म्हणाला, "चल. अंगठा मागतो तो माणूस दिसतो कसा ते तरी बघू."

आता त्या माणसाविषयी. शिष्यवृत्तीच्या खिडकीत बसणारे क्लार्क मालवणकडचे होते, आणि संशयात मामाच्याही वरताण. जातीचा दाखला हातात आला की आधी उजेडाकडे धरायचे, मग ओलं बोट शिक्क्यावर घासून बघायचे. आमच्या नावाने खोटे दाखले काढून आमच्या जागा लाटणारे त्या काळी कमी नव्हते, तेव्हा त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. पण त्यांच्या लेखी मीसुद्धा खोटीच. "माझ्या पोरीपेक्षा शुद्ध मराठी बोलतेस, आणि म्हणे वारली!" असं त्यांनी मला साऱ्या रांगेसमोर ऐकवलं होतं. हे दोन महात्मे आता एका खिडकीच्या अल्याडपल्याड उभे राहिले. दोघे एकमेकांना असे निरखत होते की मधल्या जाळीचीच मला दया आली.

"हे कोण?" क्लार्कनी विचारलं.

"माझे मामा. पालक."

"कशावरून?"

मामाच्या भुवया वर गेल्या. असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

"अंगठ्याला काय झालं?"

"विंचू चावला."

"सोडून दाखव."

हेही त्याला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. मामाने निमूटपणे फडकं सोडलं. अंगठा गुळगुळीत.

"विंचू कुठे चावला?"

"तुला बघून पळाला."

रांगेत हशा पिकला. क्लार्क म्हणाले, "दाखल्यावर वारली लिहिलंय. खरं कशावरून?"

मामा जाळीला नाक लावून त्यांच्याकडे बघत राहिला आणि एकदम म्हणाला, "अरे, तू तर तो शेवळंवाला! गेल्या पावसाळ्यात मार्केटबाहेर माझ्याकडून शेवळांची रानभाजी घेतलीस. मी म्हटलं, भाजीत घालायला आंबट काकडं घे, नायतर घसा खाजेल. तू म्हणालास, जास्तीचा माल गळ्यात मारतोस. खाजला काय नाय?"

क्लार्कचा हात आपोआप गळ्याकडे गेला. "तीन दिवस गिळूक जमूक नाय माका!" ते ओरडले, आणि आपण ऑफिसात आहोत हे आठवून चष्मा पुसायला लागले. मग "हे रानातल्यालाच ठाऊक असायचं," म्हणत दाखला माझ्या अर्जाला टाचणीने लावला आणि शाईचा पॅड पुढे सरकवला.

"अगोदर वाच," मामा म्हणाला. "सगळा."

क्लार्कनी सगळा अर्ज वाचला. मामाने विचारलं, यात माझं घर कुठे आहे? नाही. झाडं? नाहीत. कोंबड्या? त्याही नाहीत. "उलटा कर." मागची बाजू कोरी होती. "हे कोरं का?" मामाचा आवाज बदलला. "कोरं हाय म्हणजे मागून कोणीतरी लिवणार. रेघ मार."

आता हे अर्ज भिरकावतात, असं मला वाटलं. पण क्लार्कनी पट्टी काढली, लाल पेन्सिल काढली, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. पुढच्या बाजूला अंगठ्याच्या जागेच्या वर थोडं रिकामं होतं, तिथेही ओढली. "कोऱ्या कागदाचो माका पण भरवसो नाय," ते पुटपुटले. मामाने डावा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. इतका वेळ दाबून धरला की क्लार्कना म्हणावं लागलं, "पुरे."

परतताना मी विचारलं, मामा, दिलास कसा रे? तो म्हणाला, "एक शब्द गोड बोलला नाय. पाणीपण विचारलं नाय. खोटा माणूस एवढं विचारीत बसत नाय गं. त्या सफारीवाल्यानं माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं."

मी बी. ए. होईपर्यंत ते क्लार्क दर पावसाळ्यात मामाकडून शेवळं नेत, काकडं मोजून घेत, आणि मामा त्यांची नोट उन्हात धरून बघे. दोघांत याहून जास्त मैत्री होणं शक्यच नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन घरी आले. मामाने पेढा बाजूला ठेवला, छपरातली एक बांबूची नळी ओढली आणि तिच्यातून कागदाची गुंडाळी काढली. सफारीवाल्याचा कागद. इतकी वर्षं तो कुणाकडून वाचून घेतला नव्हता. वाचणारा त्यांच्यातलाच निघाला तर? आणि माझ्यापाशीही आजवर कधी काढला नव्हता. शाळेचं वाचणं त्याच्या मते कच्चं.

मी वाचायला लागले. "मी खाली अंगठा करणार, राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देतो की..."

"थांब. अक्कलहुशारीनं? असं लिवलंय?"

"हो."

मामा हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "सगळाच कागद खोटा हाय गं," म्हणाला. मी पुढचं वाचलं. शेत, ओढ्याकडची बाजू, दोन आंबे, सगळं त्यात होतं. वाचून झाल्यावर मामाने कागदावरच्या आपल्या अंगठ्याकडे बोट दाखवलं. मग त्याने विचारलं, "अंगठ्याच्या वर रेघ हाय काय?"

"नाही मामा. बोटभर जागा कोरी आहे."

"आता मारता येईल?"

आता तिचा काडीचाही उपयोग नाही, हे मला कळत होतं. बी. ए. झाले होते मी. पण मी पेन काढलं, पाटीच्या कडेने सरळ रेघ मारली, आणि कागद त्याच्या हातात दिला. मामाने तो उन्हाकडे धरून बघितला.

"बरोबर हाय," म्हणाला. पुन्हा काही तपासलं नाही, आणि ठेवलेला पेढा उचलून खाल्ला. कोंबड्याला न घालता.