तोमिए हिसानागा आमच्या कोण लागतात?

तोमिए हिसानागा या जपानी संगीतकार बाईंवर अन्याय झाला तो गेल्या माघात, वसंतपंचमीनंतरच्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, भोपाळच्या पिपलानीतल्या आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत. त्याआधी त्यांच्यावर अन्याय झाला नव्हता असं नाही. जन्मभर झाला. पण तो जगाने केला होता आणि त्याविरुद्ध मी पत्रक काढलं होतं. हा दुसरा अन्याय त्या पत्रकामुळे झाला. (दोषी कोण ते मी क्रमाने सांगणार आहे. माझा क्रमांक शेवटी येईल.)

मी एका संस्थेत पत्रकं लिहिते. झाडं तोडली, नळ आटले, बस बंद झाली, की लोक माझ्याकडे येतात. अन्याय कोणावर झाला, कधी झाला, आता तुम्ही काय करणार, या तीन गोष्टी मी अर्ध्या पानात बसवते. भाजीत मीठ कमी पडलं तरी मी याच क्रमाने बोलते, असं ताईचं म्हणणं आहे.

संगीतातला अन्याय मात्र कोणी माझ्याकडे आणला नाही, तो मी स्वतः शोधून काढला. रशियन संगीत म्हटलं की लोक चारपाच नावं घेऊन मोकळे होतात. जपानी संगीत म्हटलं की तेवढीही घेत नाहीत. बाकीच्यांनी काय गवत उपटलं? म्हणून मी घरीच श्रवणसभा सुरू केल्या. पहिली आर्काडी व्येलिनोव यांच्यासाठी. चार व्हायोलांसाठी (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य) लिहिलेली त्यांची रचना त्यांच्या हयातीत धड वाजलीच नाही. आमच्याकडे ती ऐकायला बाबा होते आणि विजेचं मीटर बघायला आलेला एक माणूस. तो पाणी पिऊन गेला. बाबा शेवटपर्यंत बसले.

"वाद्यं लावतायत का अजून?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाबा, संपलं."

"हो का? छान होतं. आटोपशीर."

मग त्यांनी सल्ला दिला. (दोषी क्रमांक एक.) "तुझं एकटीचं नाव घातलंस तर कोण येणार? खाली 'दिवेकर परिवार' असं घाल. लोकांना वाटेल चहा तरी मिळेल."

दुसरी सभा तोमिएबाईंची. त्यांच्या जन्मशताब्दीचा रविवार नेमका तो होता, त्याला मी काय करणार? अडचण एवढीच होती की मंगळवारी ताईचा साखरपुडा होता. नवरामुलगा समीर समुद्रातल्या तेलविहिरीवर नोकरीला. बुधवारी तो परत जाणार, ते थेट पावसाळा लागल्यावर येणार. ताईने आणि त्याने दोन्ही घरांना राजी करण्यात तीन वर्षं घातली होती. तेव्हा मंगळवार हलवणं शक्यच नव्हतं.

"रविवार हलव," आई म्हणाली.

"शंभर वर्षांत एकदा येतो, आई."

"ताईचा साखरपुडा काय दर महिन्याला येतो?"

पण पत्रक तोवर छापायला गेलं होतं. छापणारा झेरॉक्सवाला हा दोषी क्रमांक दोन. तोमिएबाईंचा एकच फोटो मला मिळाला होता, तोही काळापांढरा. त्याच्या यंत्रातून निघताना चेहरा गेला, पांढरे केस आणि चष्मा राहिला.

"दीदी, काली बॉर्डर लगा दूँ? फोटो उठ के आएगी."

मी म्हटलं लगा दो. बॉर्डर लागली आणि खालची ओळ कागदाबाहेर गेली. 'ज्येष्ठ जपानी संगीतकार यांच्या जन्मशताब्दीनिमित्त रचनाश्रवण' ही ती ओळ. मी ती काढून टाकली. तत्त्वाचा प्रश्न होता. मोठ्या माणसांच्या नावाखाली ते काय करायचे हे कोणी लिहितं का? मग तोमिएबाईंच्याच का लिहायचं?

तर वर्तमानपत्रात घालून घरोघर गेलेलं पत्रक असं होतं. वर काळ्या चौकटीत केस आणि चष्मा. खाली: 'तोमिए हिसानागा. आयुष्यभर उपेक्षा सोसली, पण अखेरपर्यंत तक्रार केली नाही. त्यांच्यासाठी एकत्र येऊ या. रविवारी सायंकाळी पाच. कृपया शांतता राखावी. विनीत, समस्त दिवेकर परिवार.'

आता तुम्ही म्हणाल, हे लिहिताना तुझ्या लक्षात कसं आलं नाही? मी पत्रकं लिहिते, वाचत नाही.

शनिवारी सकाळी शेजारच्या सबनीसकाकू पिठलंभाताचं पातेलं घेऊन आल्या. आईला वाटलं साखरपुड्याची गडबड म्हणून मदत.

"अहो, कशाला एवढं?" आई म्हणाली.

"राहू दे. अशा वेळी चूल पेटत नाही." काकूंनी आईचा हात दाबला आणि निघून गेल्या.

"गॅस संपला असं कोणी सांगितलं यांना?" आईने मला विचारलं. मी पिठलं वाढून घेत होते. चांगलं झालं होतं.

दुपारी बाबा कारखान्यातून लवकर घरी आले. साहेबांनी स्वतः टेबलाशी येऊन खांद्यावर हात ठेवला होता आणि म्हणाले होते, दिवेकर, आप घर जाइए. बाबांना वाटलं, मुलीचं कार्य म्हणून. छत्तीस वर्षांच्या नोकरीत साहेब पहिल्यांदा टेबलाशी आले होते, तेव्हा जास्त चौकशी करणं त्यांना बरं वाटलं नाही.

रविवारी पाचला खोली भरली. ओसरीही भरली. सगळे पांढऱ्या कपड्यांत आणि सगळे वेळेवर! मी बाबांकडे विजयाने पाहिलं. कोणीतरी स्टुलावरच्या फोटोला हार घातला, कोणी उदबत्ती लावली. कोणी चहाही मागितला नाही. व्येलिनोवना हे भाग्य लाभलं नव्हतं, याचं मला आतून वाईट वाटलं.

रचनेचं नाव 'तीन उंबरे'. एकटा चेलो. एक सूर येतो, लांबतो, मधेच अडतो आणि मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा येतो, पहिल्यापेक्षा खाली. आमच्या वस्तीत इतकी शांतता मी कधी ऐकलेली नाही. एरवी गाण्याच्या मैफलीत मोबाइलवर बोलणारे जोशीकाका मान खाली घालून बसले होते. सबनीसकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. लोकांना कळतं, आपणच त्यांना देत नाही, हे मी मनात पुढच्या पत्रकासाठी लिहूनसुद्धा टाकलं.

संपल्यावर मी म्हटलं, "कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला."

जोशीकाका उठले. "माझा आणि तोमिएताईंचा प्रत्यक्ष परिचय नव्हता. पण त्या अतिशय मनमिळाऊ होत्या."

मला जरा विचित्र वाटलं. पण रसिक आपापल्या परीने बोलतात.

मग सबनीसकाकू. "मी स्पष्ट बोलते. परदेशी लग्न केलं म्हणून माणूस परका होत नाही. जिवंतपणी चौकशी करायची नाही आणि गेल्यावर कागद वाटायचे, हे काही बरं नाही."

परदेशी लग्नाचं काही मला कळलं नाही. पण उरलेलं वाक्य इतकं पटलं की मी उभीच राहिले. आई मागून माझी ओढणी ओढत होती. (आईला बहुतेक तेव्हाच कळलं असावं. पण ओढणी ओढणं हे निषेध नोंदवण्याचं साधन नव्हे.)

"काकू बरोबर बोलतायत," मी म्हटलं. "या बाईला आपण सगळ्यांनी मिळून मारलं. शेवटची वर्षं एका खोलीत काढली त्यांनी. कोणी भेटायला गेलं नाही. का? तर बाई होत्या म्हणून. याला जबाबदार कोण? आम्हीच!"

सगळे आईबाबांकडे बघत होते. आणि दारात, चपला काढता काढता थांबलेल्या, समीरच्या आत्या उभ्या होत्या. मागे समीर, हातात पांढऱ्या फुलांचा पुडा.

आत्या मूळच्या नागपूरच्या. टी. टी. नगरात राहतात, सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या घरात कोणतंही कार्य त्यांनी हो म्हटल्याशिवाय होत नाही. पत्रक त्यांना मोबाइलवर कोणीतरी पाठवलं होतं.

लोक भराभर निघून गेले. आत्या खुर्चीवर बसल्या.

"मंगळवारचं काय करायचं ठरवलं मग?" त्या म्हणाल्या. "सुतकात साखरपुडा होत नाही. कोण होत्या ह्या, ते सांगा. म्हणजे किती धरायचं ते पाहू."

बाबा कसनुसे हसले. "अहो, त्या आमच्या कोणीच नाहीत."

"कोणीच नाहीत? पोरगी तर भरसभेत वेगळंच सांगून राहिली."

"जपानी संगीतकार आहेत हो," आई रडवेली झाली होती. "हिला नाद आहे. असल्या कोणाकोणाचा."

"जपानी बाई. तिच्या फोटोला तुमच्या घरी हार, खाली तुमच्या परिवाराचं नाव. आणि तुमची कोणीच नाही." आत्यांनी समीरकडे पाहिलं. "मेलेल्या माणसाला नाकारतात बापा हे लोक. आपल्यापैकी कोणाला उद्या काय म्हणतील?"

समीर मला म्हणाला, "सई, दाखव ना काहीतरी. इंटरनेटवर असेल ना त्यांच्याबद्दल."

मी फोन काढला. तोमिएबाईंबद्दल जगात जेवढं होतं ते एका पानावर होतं आणि ते सगळं जपानीत होतं. मी सांगत होते ते त्याच्या यंत्राने केलेल्या मोडक्या भाषांतरातून माझ्या अक्षरात उतरवलेलं; पुरावा म्हणून ते काय दाखवणार? फोटो तोच. आत्यांनी पान वरखाली केलं आणि फोन परत दिला.

"हे काय, तिकडची पण शोकपत्रिकाच दिसते."

मी इतके दिवस ओरडत होते की या बाईंची कुठेही नोंद नाही. ते इतकं खरं होतं की त्या संगीतकार होत्या हेदेखील आता मला सिद्ध करता येईना.

स्वयंपाकघराच्या दारातून ताई पुढे आली. ती चिडली की तिचा आवाज बारीक होतो. तो जवळजवळ नाहीसाच झाला होता.

"सई, कधी गेल्या त्या?"

"झाली की पंचवीस वर्षं."

ताई वळली. "आत्या, वर्ष उलटून गेल्यावर कळलं तर किती धरतात?"

"मग कुठलं धरतात? कळल्याबरोबर डोक्यावरून अंघोळ. झालं, मोकळे." आत्या थांबल्या. "पण नात्याची असली तर हो. ह्यांची तर कोणीच नाही."

ताई माझ्याकडे बघत राहिली. आई बघत राहिली. समीर फुलांचा पुडा धरून बघत राहिला. मी खोटं पत्रक आजवर लिहिलेलं नाही. तोमिएबाईंना त्यांच्या कामाने ओळखलं जावं, कोणाची बायको, कोणाची मुलगी म्हणून नव्हे, यावर माझं एक वेगळं पत्रक आहे. ते मी चार ठिकाणी वाचूनही दाखवलं आहे.

"मावशी," मी म्हटलं.

"सख्खी?"

"आईची मावसबहीण."

आईने तोंड उघडलं. ताईने तिच्याकडे नुसतं पाहिलं. आईने मिटलं.

"अस्सं." आत्या सैल झाल्या. "सरळ सांगायचं की मग. घराघरात असतं एखादं असं, परदेशी लग्न करून गेलेलं." त्यांनी फोटोकडे पाहिलं. "आणि मघा येताना बाहेर ऐकू येत होतं ते काय होतं? कोणी रडत होतं?"

"ती त्यांचीच रचना आहे. चेलोवरची."

"चांगलं रडली बाई. खरं रडणारं माणूस मधी मधी असंच थांबते." मग आईला: "पाणी तापवा आता."

तोमिए हिसानागा यांच्या संगीताबद्दल याहून शहाणं वाक्य मी वाचलेलं नाही. पण जिच्या तोंडून ते आलं तिला मी नुकतीच थाप मारलेली असल्यामुळे ते पुढच्या पत्रकात वापरता येईना.

आम्ही चौघांनी आळीपाळीने डोक्यावरून अंघोळ केली. आमचा गीझर दोन माणसांपुरता आहे. तिसरे बाबा, ते कोमट पाण्यात निभावले. माघातली भोपाळची रात्र बाहेर उतरत होती आणि मी गार पाण्याचा तांब्या हातात धरून, जपानी संगीताच्या एकंदर स्थितीचा विचार करत उभी होते. बाहेरून आत्यांचा आवाज येत होता, "केस भिजले पाहिजेत, सई."

साखरपुडा मंगळवारी झाला. ताई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी तिने पेढा माझ्या तोंडात कोंबला, तोही मी बोलू नये म्हणून.

महिनाभराने लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. मजकूर आत्यांनी स्वतः पाहिला होता. 'यांच्या कृपाशीर्वादाने' या सदरात आमच्या आजोबांच्या नावाखाली, ठळक अक्षरांत: 'कै. सौ. तोमिए हिसानागा (वधूची मावशी)'. बाईंनी लग्न केलंच नव्हतं. पण 'सौ.' काढायला आता कोण सांगणार? पत्रिका भोपाळ, नागपूर, अमरावती, अकोला, सगळीकडे गेली. तोमिएबाईंचं नाव इतक्या लोकांनी एका वेळी वाचल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. काम अर्थातच कोणाला माहीत नाही. हे मी घडवून आणलं. (दोषी क्रमांक तीन.)

म्हणून मी तुमच्याकडे मागणी करते आहे, विनंती नव्हे. तुमच्यापैकी ज्याला कोणाला जपानी येतं त्याने हे वाचून संपल्याबरोबर बसावं आणि तोमिए हिसानागा या कोण होत्या, त्यांनी काय लिहिलं, हे मराठीत लिहून छापावं. दोन परिच्छेद पुरे. कारण आजमितीस त्या कोण हे सांगणारा, मराठीत उपलब्ध असलेला एकमेव छापील संदर्भ म्हणजे माझ्या ताईची लग्नपत्रिका आहे, आणि नाव सोडलं तर त्यातला त्यांच्याविषयीचा एकूण एक तपशील चुकीचा आहे.