घंगाळाची घट

काल सुनेनं देवाचा तांब्या चिंचेनं घासायला घेतला आणि तो आंबूस वास नाकात शिरताच मी उठून अंगणात गेले. नाशिकला तांबटआळीत आमची भट्टी होती. मंदीच्या त्या वर्षांत यात्रेकरू गोदेवर यायचे, नहायचे आणि भांडं न घेताच परतायचे. आमचं घर शेजारच्या विधवा काकूंकडे गहाण होतं, त्या व्याजावरच त्यांची चूल पेटायची. वडिलांनी व्याज थांबवलं. "आधी पोरं जगवायची, मग देणं," ते म्हणायचे, आणि आम्हालाही ते पटायचं. काकू कधी मागायला आल्या नाहीत. एका सकाळी मात्र त्या पदराआड लग्नातलं घंगाळ घेऊन आल्या. "मोडीत घ्याल का?" त्यांनी खालमानेनं विचारलं. वडिलांनी घंगाळ तागडीत घातलं, काळवंडलेला तळ नखानं खरवडला आणि मळाझिजेपोटी जुन्या भांड्याच्या वजनातून जी घट धरतात, ती धरली. आई आतून म्हणाली, "अहो, त्यांच्याकडूनसुद्धा घट?" "धंद्याची रीत आहे," म्हणत वडिलांनी कनवटीचे पैसे रोख काढून दिले. "उपकार झाले," काकू म्हणाल्या. त्या शेजारी आपल्या दारात पोचल्याही नव्हत्या, तोच वडिलांनी घंगाळ माझ्यापुढे सरकवलं. "चिंच लाव नीट. मोडायचं कशाला? अख्खंच विकू." मी चिंच भिजत घातली. अडचणीत कुणाचं देणं थांबलं तर मी आजही नावं ठेवत नाही. पण व्याजाला नसलेले पैसे घंगाळाला निघाले होते, आणि ते घंगाळ मी लख्ख घासलं होतं.