नर फुलांची टोपली

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वाकडं आहे, त्याची माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. बाकी कशाची माफी मागणार नाही.

शहाद्याजवळच्या आमच्या गावात एका मळ्यात कंपनीसाठी कपाशीचं बियाणं तयार करतात. पाऊस सरत आला की आम्ही बायका तिथे क्रॉसिंगला जातो. दुपारनंतर मादी म्हणून लावलेल्या ओळीतली उद्या उमलणारी कळी हेरायची, नखाने तिचे पुंकेसर काढून टाकायचे, वर कागदी टोपी घालायची. सकाळी नराच्या ओळीतली फुलं टोपलीत तोडून आणायची, त्यांचा पराग मादीच्या टोकावर चोळायचा आणि खुणेचा दोरा बांधायचा. बोंड धरलं तर ठीक, नाहीतर फूल गळून पडतं. बाकीच्यांकडे लहान टोपल्या, मोठी टोपली माझ्याकडे असायची, कारण मी वाटेत गप्पा मारत नाही.

मालकाची आई बांधावर खाट टाकून बसायची. रोज विचारायची, "कोनी बाहेरनी शे का?" म्हणजे पाळी आलेली. बाकीच्या "नही वं माय" म्हणून हसायच्या. एक दिवस मालक आणि त्याचे दोन गडी तिथेच उभे होते. माझं तोंड उघडेना. मी खाली बघितलं. पाळी आली नव्हती, पण म्हातारीला तेवढं पुरलं. त्या दिवसापासून विटाळ जावा म्हणून ती माझ्या टोपलीवर तांब्यातलं पाणी शिंपडायची. हात आखडता घ्यायची नाही, फुलं निथळायची.

थोड्याच दिवसांत दोरा बांधलेली फुलं पटापट गळायला लागली. म्हातारी सगळ्यांसमोर ओरडली, "हिना हात लागना अन् मन्हा पोऱ्याना मळा जळी गया!" जिच्या शेजारी बसून मी रोज भाकर खायची, ती बाई म्हणाली, "माले तं आधीपासूनच वाटे." मालकाने मला हाकललं आणि झालेल्या कामाची मजुरी दंड म्हणून ठेवून घेतली. घरी नवरा म्हणाला, "खरं सांग." म्हणजे तोही त्यांच्यातलाच. गावात माझ्या हाताला वाईट म्हटलं की पुढे कोण कामाला बोलावणार?

मी गेल्यावर म्हातारी सगळ्यांच्याच टोपल्यांवर पाणी शिंपडायला लागली. फुलं आणखी गळली. मग मालकाने कंपनीचा माणूस बोलावला. मी त्याच दिवशी मजुरी मागायला गेले होते. कोणी ये म्हटलं नाही. फाटकाशी उभी राहिले.

त्या माणसाने खाटेवर सूक्ष्मदर्शक मांडला, टोपलीतला पराग काचेवर घेऊन बघितला. "ही फुलं ओली कशी?"  माझ्याशेजारी भाकर खाणारी ती बाई पदर चावत होती.

"मोठी माय पानी शिंपडस," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"तू गप ऱ्हाय!" मालक खेकसला.

त्या माणसाने ओळीतलं कोरडं फूल तोडलं. काचेवर एका बाजूला साधं पाणी, दुसऱ्या बाजूला बाटलीतलं साखर आणि औषध घातलेलं पाणी टाकलं, दोन्हींत पराग सोडला. आमच्याकडे पाठ करून तो मालकाला समजावत होता. कोरड्या दाण्याला मादीचं टोक बेताबेताने ओल देतं. तेवढ्याने दाणा जागा होतो. काय बनवायचं त्याचे निरोप त्याच्यात आधीच तयार ठेवलेले असतात, त्यांवरून तो प्रथिनं बनवतो आणि एक नळी काढतो. नळीच्या टोकाशी कॅल्शियम जमतं, तिथूनच ती वाढत खाली बीजांडापर्यंत जाते. एकदम पाणी मिळालं तर दाणा फुगून फुटतो. मग नळी कुठली आणि बोंड कुठलं!

मालकाचा चहा झाल्यावर तो मागे वळून "बघा" म्हणाला. मी सगळ्यांच्या आधी पुढे गेले. साध्या पाण्यात नुसता चिकट राडा. दुसऱ्या थेंबात एका दाण्याला बारीक शेपूट फुटलं होतं. मला आनंद वगैरे झाला नाही. राग आला.

"मंग तवय मुंडी खाले काबरं घालनी?" म्हातारी म्हणाली. त्या दिवशी मान खाली घातली ती मी, म्हणून तिच्या मते चूक अजून माझीच होती.

मालकाने अर्धी मजुरी दिली आणि उद्यापासून ये म्हणाला. मी गेले नाही. उरलेल्या पैशांसाठी त्याने मला झुलवलं, ते पार बोंडं वेचून बियाणं कंपनीत जाईपर्यंत. शेवटी मी पुन्हा गेले. त्याने नोटा खाटेच्या कडेला ठेवल्या.

"हातात द्या," मी म्हटलं.

त्याने पैसे हातात दिले. मोजले, पूर्ण होते.