कापसातल्या तलवारी

माझी नात माळ्याच्या कडेला उभी होती, खाली छातीएवढा कापूस होता आणि त्या कापसात कुठेतरी माझ्या दिराच्या उघड्या तलवारी होत्या. नेमक्या कुठे, ते आता त्यालाही सांगता येत नव्हतं. मी ओरडायला तोंड उघडलं, तर त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. थोरल्या वहिनीच्या तोंडाला दिराने हात लावावा, असं आमच्या घरात तोवर कधी झालं नव्हतं. "बोलू नका, वयनी," तो हळूच म्हणाला. "ओरडलो का उडी मारलीच तिनं."

माझ्या या धाकट्या दिराएवढं बिनकामाचं वेड सबंध नेर तालुक्यात कोणाला लागलं नसेल. तो फौजेत होता, पण लंगरात. सारी नोकरी त्याने पहाडात आलू सोलले, आणि हे तो लपवतही नसे. छावणीच्या खाली एका लोहाराचा भाता होता. काम संपलं की हा तिथे जाऊन बसायचा. दुसरे फौजी सुट्टीवर येताना घोंगडी आणत, रेडिओ आणत. याने तलवार आणली. पुढच्या सुट्टीत दुसरी. पेन्शनीत निघाल्यावर तरी हे थांबेल असं वाटलं, तर कापसाची वेचणी सरली की हा पिशवी भरून आगगाडीत बसायचा. कोणी काशीला जातं, हा लोहाराकडे जायचा. त्या तलवारी आपल्याकडच्या चित्रांतल्यासारख्या सडपातळ नव्हत्या. आतल्या बाजूला वाकलेल्या, टोकाशी पंजासारख्या पसरलेल्या, अंगावर हातोड्याचे घाव तसेच दिसणाऱ्या, आणि जड तर इतक्या की भिंतीतले खिळे वाकत. मी विचारायची, "भाऊजी, कायले आणता हे लोखंड? याची एक शेगडी तरी होईन का?" तो म्हणायचा, "वयनी, शेगडी कोणीबी करते."

दर शनिवारी तो त्यांना मोहरीचं तेल लावायचा. त्या वासाने माझं डोकं चढायचं, पण रोज सकाळी अंगणात एकेक तलवार दोन्ही हातांनी फिरवायचा त्यापेक्षा ते बरं होतं. त्या वेळी कोंबड्या आपोआप गोठ्यात जात. माझी कपडे वाळवायची दोरी त्याने इतक्यांदा तोडली की शेवटी मी कुंपणावर लुगडी टाकायला लागले. आणि एवढा शूर माणूस, पण कंदुरीला बकरू कापायचं म्हणून कोणी तलवार मागायला आलं, तर याचा चेहरा पांढरा पडायचा. कोंबडी कापताना पाहिली तरी त्याला भोवळ यायची. वरण-भातावर सारा जन्म काढला त्याने.

घरी आलेल्या माणसाला आम्ही पाणी द्यायचो आणि तो तलवार द्यायचा. "धरून तं पाहा." माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हाही त्याने नवऱ्या मुलाच्या हातात सगळ्यांत जड होती ती ठेवली. पोराचं मनगट मुडपलं आणि तलवारीचं टोक पोह्यांच्या बशीत गेलं. पोराचा बाप म्हणाला, "आम्ही पोरगी पाह्याले आलो का लढाईले?" हा शांतपणे बशीचे तुकडे उचलत म्हणाला, "ज्याले हे पेलत नाही, त्याले आमची पोरगी काय पेलन?" आत माझी मुलगी तोंडात पदर कोंबून हसत होती. लग्न तिथेच झालं. जावई अजून त्या भिंतीला पाठ करून बसत नाही.

नेरच्या गॅरेजवाल्या चाचाशी त्याची गट्टी होती. चाचाने एकदा पातं नखाने वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "फौजी, ये तो ट्रक की कमान का पट्टा है. इसके वास्ते तू हिमालय जाता?" मला वाटलं, आता तरी हा खजील होईल. तो उलट फुगला. "हो ना! पण कोणता ट्रक? हिमालय चढलेला!"

ते दिवस कापसाचे वाईट होते. भाव नव्हता, बाजारात गाड्या रांगेत कुजायच्या, म्हणून सगळ्यांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. माणसं ओसरीत निजत आणि खोल्यांत कापूस. अंग खाजायचं, खोकला यायचा, आणि उद्या भाव चढेल हे एकमेकांना सांगून सांगून तोंड दुखायचं. त्या कापसाचा आनंद फक्त माझ्या नातीला, चिमीला होता. माळ्यावर चढून कापसात उडी मारायला तिला यानेच शिकवलं. हा खालून ओरडायचा, "फौजी, कूद!" आणि ती धपकन पडायची. कोणीही ओरडलं तरी तिला तो हुकूमच वाटायचा.

त्या दिवशी चाचा कोणाचा तरी दुरुस्त केलेला मेटॅडोर घेऊन आला आणि म्हणाला, पोलिसांची जीप गावागावांतून बिनलायसनची हत्यारं उचलत फिरते आहे, भिंत रिकामी कर. म्यानं तेल लावून उन्हात टाकली होती. याने उघड्याच तलवारी नेऊन कापसात खोचल्या. जमिनीला लागून टोकं बोथट होऊ नयेत म्हणून मुठी खाली, टोकं वर. वरून कापूस ओढून घेतला आणि चाचाला जेवायला वाढा म्हणून मला सांगायला आला. टोपलं घ्यायला मी कापसाच्या खोलीकडे वळले, तेव्हा चिमी त्याच कापसात उड्या मारते हे त्याला आठवलं. आम्ही दारात पोचलो आणि चिमी वर उभी दिसली.

तो कापसात उतरला. पायाने चाचपत, एकेक पाऊल. तोंडाने मात्र हसत बोलत होता.

"चिमे, पहिले सलाम ठोक."

तिने ठोकला.

"आता दुसऱ्या हातानं."

"आबा, दुसऱ्या हातानं सलाम नसते."

"पहाडात असते. ठोक. हात खाली नको घेऊ."

एकदा तो मध्येच थांबला, डोळे मिटले, आणि पुन्हा चालला. ती उभी होती त्याच्या थेट खाली गेला, हात वर केले आणि म्हणाला, "ये आता." ती त्याच्या गळ्यात पडली. तो तसाच उभा राहिला.

"वयनी, मी आलो तिथूनच या. तसूभर बाजूले नका होऊ. मले हलता येत नाही."

मी त्याच्या वाटेने गेले. पोरीला खांद्यावर घेतलं आणि त्याच वाटेने मागे आले. वळून पाहिलं तर त्याच्याभोवतीचा कापूस लाल होत होता. रक्त पाहून त्याला भोवळ येईल आणि तो कुठेतरी पात्यावर पडेल, म्हणून मी दारातून ओरडले, "भाऊजी, खाली पाहू नका. माह्याकडे पाहा." चाचा येऊन त्याला धरेपर्यंत तो माझ्याकडे पाहत राहिला.

टाचेमागची शीर तुटली होती. यवतमाळच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, "पातं वाकडं तं नाही झालं?" मी म्हटलं, "पाय वाकडा झाला." मग तो भिंतीकडे तोंड करून रडला. मी रडू दिलं. जीप आमच्या गावात आलीच नाही. लाल कापूस मी वेचून फेकला, आणि पांढऱ्यालाही त्या साली कोणी विचारलं नाही.

घरी आल्यावर त्याने तलवारी पोत्यात गुंडाळून पेटीत घातल्या आणि किल्ली माझ्याकडे दिली. "मी मांगितली तरी देऊ नका." त्याने कधी मागितली नाही. पाय ओढत अंगणात यायचा, सकाळच्या वेळी रिकामे हात मांडीवर ठेवून बसायचा. कोंबड्या त्याच्या पायाशी दाणे टिपायच्या. घरात मोहरीचा वास राहिला नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. एका शनिवारी मीच म्हटलं, "भाऊजी, गंज चढत असन." तो म्हणाला, "चढू द्या."

पुढे काही वर्षांनी तो तापाने गेला, आपल्या बाजेवर, साध्या माणसासारखा. चिमीला आता स्वतःची लेकरं आहेत. त्या दुपारी कापसाच्या खोलीत आम्ही तिघं होतो, आणि तिघंही जगलो.